रिव्हॉल्व्हरच्या लायसन्सची फाइल १४ महिने पेंडिंग: नकारही नाही, होकारही नाही, मग करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम महाराष्ट्रात एका तालुक्याच्या गावापासून ९ किलोमीटरवर प्रश्न विचारणाऱ्या दादांचा पेट्रोल पंप आहे, रोजची कॅश हे स्वतःच गाडीतून बँकेत नेतात, दोनदा बाईकवरून पाठलाग झाला, त्यातल्या एकदा पोलीस स्टेशनला तक्रारही दिली. त्यानंतर रिव्हॉल्व्हरच्या लायसन्ससाठी अर्ज केला, त्याला आता १४ महिने झाले. जिल्हाधिकारी ऑफिसला गेलं की "पोलिसांचा रिपोर्ट आला नाही" आणि पोलिसांकडे गेलं की "आम्ही तर कधीच पाठवला". एक एजंट पैसे घेऊन काम करून देतो म्हणतोय आणि घरचे म्हणतायत आमदारांचं पत्र घे.

दादा, मी महसूल खात्यात नोकरी केली, त्यातली ९ वर्षं शस्त्र परवान्याच्या टेबलावर होतो. आधी जुन्या १९६२ च्या नियमांवर काम केलं आणि मग २०१६ चे आर्म्स रूल्स आल्यावर त्यांच्यावर. रिटायर झाल्यापासून लोकांचे अर्ज आणि अपिलं लिहून देतो. म्हणजे तुम्ही खिडकीच्या ज्या बाजूला उभे आहात ती बाजू आणि आतली बाजू दोन्ही बघितल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारलंय की लायसन्स लवकर कसं मिळेल. पण तुमची अडचण वेगळी आहे. तुम्हाला अजून कोणी नाही म्हटलेलंच नाही, आणि तिथेच सगळं अडलंय. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम १८ खाली अपील करता येतं, पण अपील कशाच्या विरोधात, तर ऑर्डरच्या. नकाराची लेखी ऑर्डर हातात असती तर तुम्ही पुणे विभागातले असल्याने विभागीय आयुक्तांकडे ३० दिवसांत अपिलात गेला असतात. (कमिशनरेट हद्दीतल्या, म्हणजे पोलीस आयुक्त असलेल्या शहरातल्या माणसाचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे असतो आणि त्याचं अपील मंत्रालयात गृह विभागाकडे जातं, तो रस्ता तुमचा नाही.) आत्ता तुमच्याकडे ऑर्डरच नाही त्यामुळे अपील नाही, आणि अपील नाही म्हणून कोणाला उत्तर द्यायची घाई नाही. रिव्हॉल्व्हर मिळणं हा तुमचा हक्क आहे असं मी म्हणणार नाही, कायदाही तसं म्हणत नाही. पण अर्जावर लेखी निर्णय मिळणं हा हक्क आहे, आणि फाइलला "पेंडिंग"मधून बाहेर काढून हो किंवा नाही यातल्या एका बाजूला ढकलणं हे तुमचं आत्ताचं काम आहे.

आता फाइल नेमकी कुठे थांबते ते बघा. तुमचा अर्ज, म्हणजे फॉर्म ए-१, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शाखेत येतो, तिथे कागद तपासले की पोलिसांचा अहवाल मागवायचं पत्र निघतं. ते थेट तुमच्या पोलीस स्टेशनला जात नाही. आधी एसपी ऑफिसला जातं, तिथून डीवायएसपीकडे, तिथून पोलीस स्टेशनला, तिथे एखाद्या हवालदाराकडे चौकशीला, तो तुमचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा जबाब घेतो, गावात असाल तर पोलीस पाटलाला विचारतो, मग तोच कागद त्याच पायऱ्यांनी वर चढतो, प्रत्येक पायरीवर एकेक अभिप्राय लागतो. वर जाताना मध्येच "अमुक कागद जोडला नाही" असा शेरा पडला की पुन्हा खाली. बंदोबस्त, गणपती, यात्रा, व्हीआयपी दौरा यात पोलीस स्टेशनचा माणूस अडकलेला असतो, आणि शस्त्र लायसन्सची चौकशी ही त्याच्या दृष्टीने सगळ्यात शेवटची गोष्ट, कारण चुकीची शिफारस केली आणि उद्या काही झालं तर नाव त्याचंच येणार. ही भीती खोटी नाही, मी ती जवळून पाहिली आहे.

त्यामुळे दोन्ही ऑफिसं तुम्हाला खोटं बोलतायत असं समजू नका, बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात. माझ्याच टेबलावरची एक केस सांगतो. एका सराफाची फाइल जवळपास १९ महिने पडून होती, तो बिचारा दर महिन्याला यायचा आणि मी पण त्याला "रिपोर्ट नाही" एवढंच सांगायचो. शेवटी एक दिवस मी जावक रजिस्टर घेऊन बसलो आणि एसपी ऑफिसच्या आवक नंबराशी ताडून बघितलं, तेव्हा कळलं की मधल्या काळात नवीन पोलीस स्टेशन झालं होतं, त्याचं घर नव्या हद्दीत गेलं होतं आणि दुकान जुन्याच हद्दीत राहिलं होतं. जुन्या स्टेशनने "हद्दीत राहत नाही" असा शेरा मारून कागद परत पाठवला होता आणि तो परत आलेला कागद मधल्या एका टेबलावर दुसऱ्याच गठ्ठ्यात बांधला गेला होता. म्हणजे पोलीस म्हणत होते पाठवला, ते खरं होतं, आणि मी म्हणत होतो आला नाही, तेही खरं होतं. दीड वर्ष गेलं त्या माणसाचं. ती चूक मी आधीच शोधायला हवी होती असं मला आजही वाटतं, म्हणून आता जो येतो त्याला पहिलं हेच सांगतो.

तुमच्याही बाबतीत पंप एका हद्दीत आणि घर दुसऱ्या हद्दीत आहे का, हे आधी बघा. तुम्ही ९ किलोमीटर अंतर लिहिलंय म्हणून मला ही शंका जास्त येते.

ऑफिसला जाताना "साहेब माझ्या फाइलचं काय झालं" असं विचारत जाऊ नका, त्याला "बघतो" याच्या पलीकडे उत्तर मिळत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातून फक्त एकच गोष्ट मागा, पोलिसांना पाठवलेल्या पत्राचा जावक नंबर आणि तारीख. तो नंबर घेऊन एसपी ऑफिसला जा आणि तिथला आवक नंबर घ्या, मग तिथून खाली कोणत्या नंबराने कधी गेलं ते. नंबर हातात असला की कारकुनाला रजिस्टर उघडावंच लागतं, आणि रजिस्टरमध्ये कागद कुठे थांबलाय ते दिसतंच. एका डायरीत तारखा लिहीत जा, पुढे कोर्टापर्यंत जायची वेळ आली तर ही डायरी उपयोगी पडते.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण याची माहिती नसल्याने लोक विनंत्या करत राहतात. कलम १३ मध्ये लिहिलंय की अर्ज आल्यावर लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याने जवळच्या पोलीस स्टेशनचा अहवाल मागवायचा, आणि २०१६ च्या नियमांत या अहवालाला ३० दिवस दिलेत. अहवाल आल्यावर निर्णयाला ६० दिवस. आणि कलम १३(२अ) मध्ये एक वाक्य आहे जे बहुतेक अर्जदारांना माहीतच नसतं, की पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत अहवाल दिला नाही तर अधिकारी त्याची आणखी वाट न बघता निर्णय देऊ शकतो. "देऊ शकतो" असं आहे, "दिलाच पाहिजे" असं नाही, आणि खरं सांगायचं तर पोलीस अहवालाशिवाय हँडगनचं लायसन्स सही करणारा अधिकारी मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. मग या कलमाचा उपयोग काय, तर उपयोग असा की त्याचा उल्लेख करून अर्ज दिला की फाइलवर टिपणी ठेवावी लागते, टिपणी ठेवली की साहेबांपुढे विषय जातो आणि मग एसपी ऑफिसला कडक स्मरणपत्र निघतं. स्मरणपत्राने हललेल्या फाइली मी कितीतरी पाहिल्यात.

तो अर्ज एका पानाचाच करा. विषय लिहा: "शस्त्र परवाना अर्ज दिनांक अमुक, यावर कलम १३(२अ) अन्वये लेखी निर्णय देण्याबाबत." खाली अर्जाची तारीख, जावक-आवक नंबर, आणि शेवटी एवढंच की अर्ज मंजूर करावा किंवा नामंजूर केल्यास कलम १४(३) प्रमाणे कारणांसह कळवावं. नकार देताना कारणं लेखी नोंदवायची आणि अर्जदाराने मागितली तर थोडक्यात द्यायची असं ते कलम आहे, सार्वजनिक हिताला बाधा येते असं अधिकाऱ्याचं मत असेल तेवढाच अपवाद. या अर्जात रडगाणं नको, कोणावर आरोप तर अजिबात नको. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता दुसरी बाजू, जी तुम्हाला कदाचित आवडणार नाही. फाइल हलली म्हणजे मंजूर होईल असं नाही, ते तुमचं कारण किती पक्कं आहे त्यावर आहे आणि तुमचे कागद न बघता मी ते सांगू शकत नाही. पण एक फरक समजून घ्या. कलम १३(३) मध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी नळीची लांबी २० इंचापेक्षा कमी नसलेली साधी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, भारतीय नागरिकाने मागितली तर ती द्यायची अशी भाषा आहे, अर्थात कलम १४ खाली नाकारायचं कारण नसेल तर. रिव्हॉल्व्हर-पिस्तूल मात्र दुसऱ्या वाटेत येतं, तिथे तुमच्याकडे योग्य कारण आहे याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणून तुमच्या शेजारच्या बागायतदाराला बंदूक सहज मिळाली आणि तुम्हाला रिव्हॉल्व्हर मिळत नाही यात अन्याय आहे असं लगेच धरू नका, दोन्हीचे निकषच वेगळे आहेत. पंपावर रात्री संरक्षण हवं असेल तर बारा बोअरचा विचार करा, पण कॅश नेताना गाडीत ती सोयीची नाही हे मलाही मान्य आहे.

योग्य कारण म्हणजे काय, तर नियम १२ मध्ये धंद्याच्या किंवा कामाच्या स्वरूपामुळे जीवाचं किंवा मालमत्तेचं रक्षण करायची खरी गरज असलेला माणूस असा उल्लेख आहे. पंपवाला त्यात बसतो. पण बसतो हे कागदावर दिसलं पाहिजे ना! मी पाहिलेल्या बहुतेक अर्जांत कारणाच्या रकान्यात "स्वसंरक्षणार्थ" एवढा एकच शब्द असायचा, आणि एका शब्दावर कोण सही करणार? तुम्ही पुरवणी अर्ज द्या. त्यात पंपाच्या डीलरशिपचा कागद, बँकेत रोख भरल्याच्या सहा महिन्यांच्या स्लिपा म्हणजे रोज किती रक्कम घेऊन तुम्ही कोणत्या रस्त्याने जाता ते दिसेल, आयकर रिटर्न, पाठलागाची जी तक्रार दिली तिची पोच किंवा एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) प्रत, सीसीटीव्हीचं फुटेज असेल तर त्याचा पेनड्राइव्ह. दुसऱ्या पाठलागाची तक्रार तुम्ही दिली नाही असं दिसतंय, ती का नाही दिली दादा? लोक म्हणतात "कशाला पोलिसांच्या मागे लागायचं", आणि नंतर त्याच पोलिसांना अहवालात लिहायला काहीच मिळत नाही. हवालदार जबाब घ्यायला येईल तेव्हा हीच सगळी कागदं त्याच्या हातात द्या, त्याचं कामही सोपं होतं. बाकी सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दाखला आणि घरी शस्त्र सुरक्षित ठेवायची व्यवस्था आहे याचं हमीपत्र, यातलं एक जरी कमी असेल तर त्रुटीचं पत्र येतं, आणि ते टपालाने जुन्या पत्त्यावर गेलं तर तुम्हाला कळतही नाही.

अर्जात शस्त्राचा प्रकार काय लिहिलाय तेही तपासा. बरेच जण कुठेतरी ऐकून ९ एमएम किंवा .३८ लिहितात. ते प्रतिबंधित बोअर (नळीच्या व्यासाचे प्रकार) आहेत, सामान्य माणसाला जिल्ह्यातून मिळतच नाहीत. आपल्याकडे लायसन्सवर चालतं ते .३२ किंवा .२२, कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हर किंवा ईशापूरचं .३२ पिस्तूल. चुकीचं लिहिलं असेल तर पुरवणी अर्जातच दुरुस्त करा.

चॅप्टर केसबद्दल, म्हणजे शांतता राखायचा बॉण्ड लिहून घेण्याच्या पोलिसी कारवाईबद्दल, तुम्ही काहीच लिहिलेलं नाही पण विचारतोच, कारण गावाकडे हे हमखास निघतं. बांधावरून भांडण झालं की दोन्ही बाजूंवर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७ लावायचे, नवीन कायद्यात (बीएनएसएस) ते कलम १२६ झालंय. त्यात बॉण्ड लिहून दिला असेल तर बॉण्डची मुदत संपेपर्यंत आर्म्स ॲक्टच्या कलम ९ प्रमाणे शस्त्र घेताच येत नाही, मग कितीही स्मरणपत्रं गेली तरी उपयोग नाही. असं काही असेल तर लपवू नका. अहवालात ते येणारच, आणि अर्जात खोटं लिहिलं हा ठपका त्या भांडणापेक्षा जास्त महागात पडतो. नुसती केस चालू आहे, शिक्षा नाही, बॉण्ड नाही, अशा वेळी लायसन्स आपोआप बाद होत नाही, पण मग केसचं स्वरूप काय ते दोन ओळींत स्वतःच सांगून टाकलेलं बरं.

आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की नवीन लायसन्स देणं बंद होतं, उलट असलेली शस्त्रं जमा करून घ्यायचं काम सुरू होतं आणि तेच टेबल त्यात बुडतं. २०२४ मध्ये १६ मार्चपासून जून उजाडेपर्यंत लोकसभेची आणि १५ ऑक्टोबरपासून नोव्हेंबर सरेपर्यंत विधानसभेची आचारसंहिता होती, म्हणजे एका वर्षातले चार महिने तसेच गेले. तुमच्या १४ महिन्यांत असा काळ येऊन गेला असेल तर तो वजा करून हिशोब करा, नाहीतर साहेब तेच उत्तर देतील आणि तुमच्याकडे बोलायला काही उरणार नाही.

आमदारांच्या पत्राबद्दल विचारलंय. घ्यायला हरकत नाही, पण त्या पत्रावर "नियमानुसार कार्यवाही करावी" असा शेरा पडतो आणि ते फाइलला लागतं, एवढंच. माझ्या टेबलावर अशी पत्रं खूप यायची, त्यांनी कारणाचा रकाना भरत नाही. एजंटला मात्र एक रुपयाही देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. एक तर तुमच्या पैशातून तो आत देतो ती लाच आहे आणि त्यात तुम्हीही अडकता. दुसरं म्हणजे काही एजंट बाहेरच्या राज्यातलं लायसन्स आणून देतात. जम्मू-काश्मीरमधल्या अशा लायसन्सच्या घोटाळ्यात सीबीआयला तपास करावा लागला होता. तसलं लायसन्स आणि त्यावर घेतलेलं शस्त्र घेऊन तुम्ही पकडला गेलात तर तुमच्यावरच आर्म्स ॲक्टची केस होते. आज प्रत्येक लायसन्सला राष्ट्रीय डेटाबेसमधला युनिक नंबर असतो, तो नसेल तर त्या पुस्तकाला काही किंमत नाही.

म्हणजे आत्तापर्यंतचं थोडक्यात: आधी आवक-जावक नंबर काढून कागद कुठे आहे ते शोधा, मग पुरवणी अर्जाने कारण पक्कं करा, आणि १३(२अ) चा उल्लेख करून लेखी निर्णय मागा. हे तिन्ही एकाच आठवड्यात होऊ शकतं.

यानंतर एक-दीड महिना थांबा. काही हललं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि त्यात "माझ्या अर्जाचं काय झालं" असं न विचारता अहवाल मागवल्याच्या पत्राची प्रत, स्मरणपत्रांच्या प्रती, आणि फाइलवरच्या टिपणीची प्रत मागा. गोपनीय म्हणून पोलिसांचा अहवाल कदाचित देणार नाहीत, पण तारखा तर मिळतीलच. तरीही काही नाही तर हायकोर्टात रिट (सरकारी अधिकाऱ्याला आदेश द्या अशी याचिका), आणि त्यात मागणी लायसन्स द्या अशी न करता ठरावीक मुदतीत निर्णय द्या अशी करायची, एवढी मर्यादित मागणी कोर्टालाही मान्य करायला सोपी जाते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय त्यामुळे सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूरवाल्यांना आता मुंबईला जायची गरज नाही. पण मी तरी तुम्हाला तिथपर्यंत जायची घाई करू नका म्हणेन, खर्च आहे आणि माझ्या अनुभवात लेखी अर्ज आणि माहिती अधिकार यातच बरंच काम होतं. निर्णय नकाराचा आला तर निराश होऊ नका, अपिलाची ३० दिवसांची मुदत तेवढी चुकवू नका. नकारात बहुतेक वेळा "सबळ कारण नाही" किंवा "ठोस धोका आढळून येत नाही" असं एकच वाक्य असतं, आणि तुमच्या स्लिपा, तक्रारी फाइलवर आधीच असतील तर अपिलात त्या एका वाक्याला उत्तर देता येतं.

मिळालं तर पुढचंही ऐकून ठेवा. लायसन्सची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षं आहे. अमेरिकेत लपवून बाळगायचं वेगळं परमिट असतं तसं आपल्याकडे नाही, आपल्याकडे उलट नियमच असा आहे की सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशा बॅगेत आणि पूर्ण झाकलेलीच न्यायची. कमरेला दिसेल अशी लावून पंपावर उभं राहणं, फोटो काढून स्टेटसला टाकणं, लग्नाच्या वरातीत बार काढणं, यातलं एकही करू नका. हौसेच्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि लायसन्स जातं ते वेगळंच.

एक मनातली गोष्ट, वाईट वाटून घेऊ नका. मी ज्यांना लायसन्स मिळवून दिलं त्यातल्या एकानेही रस्त्यावर रिव्हॉल्व्हर काढून कॅश वाचवल्याचं मला माहीत नाही. गाडी अडवली जाते तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात आणि समोरचे तिघं-चौघं असतात. म्हणून फाइल चालू राहू द्या, पण तोपर्यंत, आणि लायसन्स मिळाल्यावरही, बँकेची कॅश पिकअप सर्व्हिस तुमच्या भागात येते का विचारा, रोख वाहतुकीचा विमा काढा, जायची वेळ आणि रस्ता रोज बदला, एकटे जाऊ नका. घरात लहान मुलं असतील तर रिव्हॉल्व्हर आणायच्या आधी भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी आणा.

तेव्हा सोमवारी आधी जिल्हाधिकारी कार्यालयात जा, जावक नंबर घ्या, मग त्याच दिवशी एसपी ऑफिस. घर आणि पंप वेगळ्या हद्दीत निघाले तर दोन्ही पोलीस स्टेशनांची नावं पुरवणी अर्जात वरच्या भागातच लिहा. नंबर मिळाले की इथे टाका, निर्णय मागायच्या अर्जाचा मसुदा मी बसून करून देतो.